भावोजींच्या शर्टाचं बटण

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून (आणि वाकल्यावर कंबर धरून) नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची ॲसिडिटी आणि तुमच्या गॅलरीतली ती जन्मात फूल न दिलेली वेल, तिघंही आपापल्या जागी बरे असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे. माझ्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

मुद्द्याचं बोलण्याआधी एक तक्रार लिहून टाकतो, नाहीतर मला पुढचं सुचणार नाही. टीव्हीच्या स्टुडिओत पाहुण्यांच्या तोंडाला जो रंग लावतात, तो निघत नाही. साबण झाला, तेल झालं, भांड्यांची पावडर झाली (तुझ्या भावजयीची सूचना, आणि ती देताना तिच्या चेहऱ्यावर जी शांतता होती ती मला आवडली नाही). उशीच्या अभ्र्यावर माझ्या गालाचा शिक्का उमटलाय. शर्टाच्या कॉलरला नारिंगी काठ आलाय. खालच्या दुकानदाराने कावीळ उतरली का म्हणून विचारलं. नागरिकाच्या चेहऱ्यावर झालेल्या या अतिक्रमणाविरुद्ध मी एक खरमरीत लेख लिहायला घेतला होता. पहिला परिच्छेद झाला, सवयीने आरशात बघितलं, आणि कागद बाजूला ठेवला. त्या आरशातल्या माणसाच्या तोंडाला काहीतरी फासायलाच हवं होतं. स्टुडिओवाल्यांनी फक्त रंग चुकवला.

आता मुद्दा. तुझा मेसेज मिळाला. ‘पोरगी ठरल्याच्या आधीच परत आली, तोंडातून शब्द काढत नाही, तिकडे काही वेडंवाकडं वागली का? वागली असेल तर स्पष्ट सांग, पाठीशी घालू नकोस, मी बघते तिच्याकडे.’ ताई, बघायचंच असेल तर माझ्याकडे बघ. तिने काही केलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच गाठतेस, आणि हे सांगायला निदान वीस वाक्यं लागणार आहेत. पहिलं सगळ्यात महत्त्वाचं, ते आधी लिहितो: येत्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मी तुझी टिंगल करताना, आणि तुझी लेक त्यावर पोट धरून हसताना दिसण्याची शक्यता आहे. टिंगल मी केली. ती हसली नाही. एवढं वाचून पत्र फाडलंस तरी माझं काम झालं. फाडणार नसशील तर बूड टेकून बस, कारण पुढे मी चांगला दिसत नाही.

तर झालं असं. त्या रविवारच्या कार्यक्रमात घरातल्या गमती सांगायला एकेक पाहुणा बोलावतात. गायक झाले, डॉक्टर झाले, एक बाई तर फक्त गोड दिसतात म्हणून येऊन गेल्या. मग कुणाला तरी आठवलं की पुरवणीत दर आठवड्याला लोकांच्या खोड्या काढणारा एक गृहस्थ आहे, तो फुकट येईल. (फुकट गेलो. टॅक्सीसुद्धा स्वतःच्या पैशाने.) तुझी लेक सुट्टीला आलेलीच होती. स्टुडिओ बघायला मिळणार म्हटल्यावर तिने जेवण सोडलं. तुला माहीत आहे मी तिला लहानपणापासून ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण तिने तोंड उघडलं की समोरच्याचं वाक्य तिथेच संपतं. त्या दिवशी मात्र सकाळपासून तिचे नुसते प्रश्न. कॅमेरे किती असतात, कधी कुठला दाखवायचा हे कोण ठरवतं, चुकलं तर काय करतात. मी सगळ्यांची उत्तरं दिली. मला एकाचंही माहीत नव्हतं. वर ‘अगं, तिथे मला सगळे ओळखतात’ असंही बोलून गेलो.

निघायच्या वेळी शर्टाचं निघालं. स्टुडिओतून आधीच कळवलं होतं: पांढरा नको, हिरवा नको, रेघा नकोत, बारीक चौकडी तर मुळीच नको, कॅमेऱ्यात ती मुंग्यांसारखी वळवळते. माझ्या कपाटात बारीक चौकडीशिवाय काही नाही; माझं सगळं पुरुषत्व बारीक चौकडीत गेलंय. तेव्हा पूर्णविरामाने तिच्या बॅगेतून भावोजींचा निळा साधा शर्ट काढला. (तो ती हल्ली स्वतःचा म्हणून घालते, हे भावोजींना माहीत नसेल तर आता कळलं.) भावोजींची अंगकाठी तुला माहीत आहे, माझी तू लहानपणापासून बघत आलीयेस. बटणं लागली, पण नाराजीने लागली. तुझी भावजय म्हणाली, ‘श्वास घ्यायचा असेल तर तो बाहेर जाऊन घ्या.’

फाटकावर वॉचमनने यादीत बघितलं, मग पूर्णविरामाकडे बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, तुम्ही पाहुण्या, आणि हे पालक ना?’ ‘हे पाहुणे,’ ती म्हणाली. ‘यांना सगळे ओळखतात.’ तो परत यादीत बघू लागला. टोमणा माझा, माझ्यावरच, आणि तोही इतक्या गोड चेहऱ्याने की मला भाचीचा अभिमान वाटला. दिवसभरात मला वाटलेली ती शेवटची चांगली गोष्ट.

आतलं काय सांगू तुला. तू रविवारी जो दिवाणखाना बघतेस ना, त्याला तीनच भिंती आहेत. मागच्या कपाटातली पुस्तकं प्लायवूडवर रंगवलेली. दार उघडलं की पलीकडे एक शिडी आणि शिडीखाली झोपलेला माणूस. निवेदिकाबाई ज्या मगातून घोट घेत घेत हसतात, तो मग रिकामा. थंडी अशी की आत माणसं ठेवतात का भाजी, कळेना. पूर्णविराम मात्र गारठ्यात फुलली. रबराच्या पट्ट्यांखालून गेलेल्या वायरी ओलांडत ती प्रत्येकाला गाठत होती. कॅमेरामनने तिच्या हातात पांढरा कागद देऊन तिला दिव्यासमोर उभं केलं, त्या कागदावरून सगळे कॅमेरे आपले रंग जुळवून घेतात म्हणे, तर ती असा श्वास रोखून उभी राहिली की जणू तिने हात हलवला तर देशभरातले टीव्ही हिरवे पडतील. ताई, त्या पोरीला मी इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं. हे लिहायलाच हवं, कारण पुढे तो आनंद कुणी घालवला ते येणार आहे.

आता जे लिहितो ते नीट वाच, सगळं त्याच्यावर आहे. या लोकांची एक पद्धत आहे. कार्यक्रमाच्या आधी प्रेक्षकांचं हसू काढून ठेवायचं. दुपारपर्यंत प्रेक्षक शिळे होतात, म्हणून ताजे असताना सकाळीच काढून घेतात, दूध काढावं तसं. कानाला हेडफोन लावलेला एक माणूस (सगळे त्याला ‘टाळ्या’ म्हणतात) प्रेक्षकांसमोर उभा राहतो आणि सांगतो: आता गालातल्या गालात. आता मोठ्याने. आता डोळ्याला रुमाल. आता ‘अगंबाई, आमच्याही घरी अस्संच!’ असा चेहरा. समोर विनोद नाही, पाहुणा नाही, काही नाही, आणि साठ-सत्तर माणसं मुकाट हसतात. कॅमेरे ते टिपून ठेवतात, आणि मागाहून पाहिजे तिथे चिकटवतात. पूर्णविरामाला पुढच्या रांगेत बसवलं होतं, पण तिला काही केल्या खोटं हसता येईना. टाळ्या वैतागला. ‘ए ताई, दात दुखतोय का?’ ‘नाही, पण हसण्यासारखं काही झालं नाहीये.’ ‘झालं की हसशील?’ ‘झालं की हसेन.’

तेवढ्यात झालं. दिव्यांचा अंदाज घ्यायला मला पाहुण्याच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मी जरा ऐटीत मागे रेललो, आणि भावोजींच्या शर्टाचं बरोबर पोटावरचं बटण सुटलं. सुटलं म्हणजे गळून पडलं नाही. उडालं, आणि समोरच्या टेबलावरच्या त्या रिकाम्या मगात टिंग करून पडलं. नेम धरून मारलं असतं तरी जमलं नसतं. मग पूर्णविराम हसली. तुला तिचं ते हसणं माहीत आहे, आधी नुसते खांदे हलतात, मग तोंडावर हात, मग हाताच्या मागून तो आवाज, मग डोळ्यांत पाणी. मीही हसलो. टाळ्या ओरडला, ‘घेतलं का? घेतलं का? आजचं हसू हेच!’ कॅमेऱ्याने घेतलं होतं. रंगवाल्या बाईंनी मला एक सेफ्टी पिन लावली, आणि पूर्णविरामाने मगात हात घालून बटण काढून खिशात टाकलं.

मग खरं चित्रण. ताई, मी पडलो. मी सात विनोद नेले होते, सातही वारले. उत्स्फूर्त म्हणून मी जे बोलत होतो ते घरी तीन-चार सकाळी बाथरूममध्ये घोकलेलं होतं, आणि त्याला साबणाचा वास येत होता. निवेदिकाबाईंचं हसू दुकानाच्या शटरसारखं हळूहळू खाली यायला लागलं. टाळ्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी प्रेक्षकांना उचलत होता, प्रेक्षक उचलले जात नव्हते. पोटाला पिन टोचत होती. आणि मग माझं तोंड, मला न विचारता, म्हणालं, ‘माझी एक मोठी बहीण आहे.’

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तूच मला सांगितलंस. इतक्या वर्षांनी नोकरीला अर्ज केलास, मुलाखतीआधी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलंस, ओट्यावर मधे कुकर, एका बाजूला मिक्सर, दुसऱ्या बाजूला पिठाचा डबा मांडलास, कुकरला अध्यक्ष नेमलंस, इस्त्रीचे कपडे घालून स्टुलावर बसलीस आणि ‘मधली वर्षं काय केलंत?’ या प्रश्नाचं उत्तर देऊ लागलीस. कुकर गॅसवर होता, मधेच त्याने शिट्टी दिली, आणि तू उभी राहून म्हणालीस, ‘येस सर.’ इथपर्यंत सांगताना तू हसत होतीस. मग सांगितलंस की खऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला आणि तुला काही आठवलं नाही, तू नुसती उजवीकडे बघत राहिलीस, जिथे घरी मिक्सर होता. तेव्हा तू हसत नव्हतीस. मीही नव्हतो.

टीव्हीवर मी शिट्टीपर्यंत सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. हशा असा आला ताई, की छताचे दिवे हलले. शिडीखालचा माणूस उठून बघायला आला. लाज वाटून मी तिथे थांबलो असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी थांबलो नाही. मी शिट्टी वाजवून दाखवली. लोकांनी पुन्हा मागितली, मी पुन्हा वाजवली. आणि दुसरी शिट्टी संपताना माझं लक्ष पुढच्या रांगेकडे गेलं. शेजारच्या बाई हसत हसत पूर्णविरामाच्या दंडावर चापट्या मारत होत्या, आणि ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ओळखीचं माणूस समजून रस्त्यात हाक मारावी, आणि वळल्यावर ते भलतंच कुणी निघावं, तसं.

चहाच्या वेळी सगळे मला थोपटत होते. (थोपटून घेतलं.) पूर्णविराम कोपऱ्यात उभी होती. सकाळपासून तिचे प्रश्न ऐकून खूश झालेला संकलक, त्याला तिथे ‘कात्री’ म्हणतात, मोठा प्रेमळ माणूस आहे, तिला म्हणाला, चल, तुला जोडाजोडी कशी करतात ते दाखवतो. मी मागोमाग गेलो. अंधारी खोली, दोन पडदे, सँडविचचे तुकडे. त्याने कौतुकाने माझी शिट्टी लावली. आणि शिट्टीपाठोपाठ पडद्यावर आली तुझी लेक, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, सकाळचं ते बटणाचं हसू.

‘मी तेव्हा हसले नव्हते,’ ती म्हणाली.

‘माहितीये ना. सकाळचं आहे ते. कसं फिट बसलंय बघ.’

‘पण मी यावर हसले नाही.’

‘अगं राणी, तू कधी हसलीस ते कोण विचारतंय? कुठे हसलीस ते आम्ही ठरवतो.’

‘ती माझी आई आहे.’

कात्रीचा हात बटणावरच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. मी नुसतं ‘बहीण’ म्हणालो होतो, ही भाची आहे हे त्याने जोडलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. पूर्णविरामाने बघितलं नाही, पण ती वाट बघत होती हे तिच्या मानेवरून कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. ‘काढून टाका हो.’ तीन शब्द. ताई, माझ्या उभ्या आयुष्यात माणसं इतकी कधी हसली नव्हती. मी म्हणालो, ‘अगं, एवढं काय मनावर घेतेस! आईच हसेल बघ बघून.’

टॅक्सीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. घरी आल्यावर बॅग भरताना बोलली, तीही आपल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता. ‘मामा, आईने हे बाबांना नाही सांगितलं, मलाही नाही. मी दाराआडून ऐकलं फोनवर. तुलाच का सांगितलं माहितीये? तू हसणार नाहीस म्हणून.’ बॅगेची चेन लावत म्हणाली, ‘तिला सांगू नकोस. सोमवारी तिची परत मुलाखत आहे.’ सकाळी अभ्यासाचं निमित्त सांगून ती गेली. तू विचारतेस ती गप्प का आहे. ती तुझ्यासाठी गप्प आहे. तिचा शब्द मी मोडतोय, पण तिच्या गप्प बसण्याचा गुन्हा तू तिच्याच नावावर लावायला निघालीस, तेव्हा मोडावा लागला.

ती गेल्यावर मी पुन्हा स्टुडिओत गेलो. वॉचमनने या वेळी ओळखलं. (‘मॅडम नाही आल्या?’) निर्मातीबाईंना म्हटलं तो तुकडा काढा. त्या म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या अख्ख्या भागात तेवढा एकच तर विनोद आहे.’ त्यातला ‘एकच’ अजून दुखतोय. वर विचारलं, काढला तर तिथे घालू काय? मी म्हटलं, दुसरं देतो. दहा मिनिटं देतो म्हणाल्या. मला त्याच प्लायवूडच्या पुस्तकांपुढे बसवलं, समोर प्रेक्षक नाहीत, रिकाम्या खुर्च्या, आणि मी सांगितलं: एक मध्यमवयीन लेखक होता, तो लोकांच्या तयारीची टर उडवायचा, आणि स्वतः मात्र टीव्हीवर उत्स्फूर्त बोलायला जाण्याआधी रोज सकाळी बाथरूममध्ये टूथब्रश धरून बादलीला ‘नमस्कार प्रेक्षकहो’ म्हणायचा. बादली निवेदिका. अंघोळीचा मग प्रेक्षक. मगाने बादलीवर टाळ्या स्वतःच वाजवायचा. बाहेरून बायको ओरडायची, ‘अहो, आत कोण कोण आहे?’ बाकीचे प्रकार तिथे सांगितले, इथे नाही लिहीत. कुणी हसलं नाही. हसायला कुणी नव्हतंच. फक्त शिडीवरून एक आवाज आला, ‘झालं का यांचं? दिवे बंद करू?’ मी कात्रीला म्हटलं, पडलं ना? तो म्हणाला, ‘पडू दे. हसू आहे आपल्याकडे.’ म्हणजे पूर्णविरामाचं. म्हणजे ते पुन्हा ज्याच्यावर हसलं गेलं होतं त्याच्याच पोटावर येऊन बसेल. कात्रीने जोडून दाखवलं, फिट बसतं. निर्मातीबाई मात्र ‘बघू’ म्हणाल्या, आणि टीव्हीवाल्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला अजून कळायचंय.

तर हे असं. भावोजींना नमस्कार, वेलीला पाणी. पूर्णविरामाला काही सांगू नकोस, मी तिला वेगळं लिहीन, तिने वाचलं तर.

तुझा,
(तुला अजून म्हणावंसं वाटत असेल तर) धाकटा

ता. क. : रविवारी टीव्ही लावूच नकोस असं लिहिणार होतो. खोडलं. लाव. बादली आली तर कात्री जिंकला. कुकर आला तर बंद कर, आणि मग मला फोन करून जे बोलायचं ते बोल, मी मधे बोलणार नाही. दोन्हींत ती हसताना दिसेलच. ते सकाळचं आहे.

दुसरं ता. क. : कात्रीने तिला पुढच्या सुट्टीत शिकायला बोलावलंय. ती नको म्हणाली, कारण मामा. तू पाठव तिला, मामा फाटकापर्यंत सोडेल आणि परत जाईल.

आणखी एक, खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो. सोमवारच्या तयारीला मिक्सरच्या जागी मला बसव. शनिवारी दुपारी फोन ओट्यावर ठेव, भावोजींना बाहेर पाठव. ‘मधली वर्षं काय केलंत?’ मी विचारीन, तुला पाहिजे तितक्या वेळा. अध्यक्ष कुकरच राहू दे.

शेवटचं : सोबत भावोजींचा शर्ट. धुतलाय, कॉलरचा नारिंगी काठ बराच गेलाय, सगळा नाही. बटण पूर्णविराम जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेली होती. तुझी भावजय शिवून देत होती, मी घेतलं नाही, मीच लावलं. निळा दोरा सापडला नाही, काळा आहे. ओढून पाहिलंय, निघत नाही.